प्राणवायूचे विष अंगावर घेणारा शास्त्रज्ञ

देवळाली प्रवरा (ता. राहुरी) : प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेला हा उसाचा पट्टा विहिरींचाही पट्टा आहे. जुनी, बरीच वर्षे उपसा नसलेली विहीर साफ करायची झाली की येथील जाणती माणसे आधी दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडत. कंदील पाण्यापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरणार. मध्येच विझला तर त्या दिवशी काम बंद. यामागचे शास्त्र कोणी शिकवलेले नसे. आत गेलेला माणूस वर आलाच नाही, अशी एखादी आठवण मात्र प्रत्येक गावाजवळ असे.

९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, शेजारच्या नेवासे तालुक्यातील वाकडी येथे अशीच आठवण पुन्हा तयार झाली. शेण आणि मळी साठवण्यासाठी वापरात असलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढण्यासाठी एक जण उतरला, त्याला काढण्यासाठी दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा वाचला. अशा विहिरीत कंदीलही उपयोगाचा नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. शेणाच्या वायूत मिथेन असतो आणि तो पेट घेतो. पण मुख्य प्रश्न वेगळाच आहे. पहिला माणूस कोसळताना डोळ्यांसमोर दिसत असूनही दुसऱ्याला, तिसऱ्याला आपल्या शरीराकडून धोक्याची सूचना का मिळाली नाही?

ज्या माणसाने हा प्रश्न आयुष्यभर स्वतःच्या शरीराला विचारला, त्याचे नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे नाव जीवसृष्टीच्या उगमाच्या धड्यात, रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांच्या जोडीने भेटते. याच तालुक्यातील महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी पीक पैदास शिकणाऱ्यांना ते गुणसूत्रांच्या नकाशाच्या सूत्रात भेटते. पाण्याखालच्या गुहांमध्ये 'रीब्रीदर' नावाचे यंत्र पाठीवर घेऊन शिरणाऱ्या पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांतही तेच हाल्डेन आहेत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आयुष्याची अखेरची सात वर्षे ते भारतात राहिले आणि भारतीय नागरिक म्हणून येथेच वारले.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक. कोळसा खाणीतील स्फोटांनंतर मजूर भाजून नव्हे, तर बहुतांशी कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. खाणीत उतरताना सोबत लहान प्राणी न्यावा, तो माणसाच्या आधी कोसळतो, ही सूचनाही त्यांचीच. विषारी वायू स्वतः हुंगून पाहणे ही त्या घरातली रीत होती आणि मुलगा जॅक लहानपणापासून त्यात ओढला गेला.

एकदा खाणीत वडिलांनी त्याला एका बुटक्या बोगद्यात उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच ओळींत मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली बसला. जमिनीलगतची हवा मात्र ठीक होती. मिथेन हलका असल्याने छताशी साचतो, हा धडा त्याला असा मिळाला. आजचे पालक असल्या बापाला मुलाजवळ फिरकू देणार नाहीत, हे खरे. पण तो धडा जॅक कधी विसरला नाही.

१९०५ मध्ये थोरल्या हाल्डेन यांनी प्रिस्टली या सहकाऱ्याबरोबर एक शोध प्रसिद्ध केला. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढला की जीव घाबरा होतो. पण तो न वाढता नुसता प्राणवायू घटत गेला, तर माणसाला काहीच कळत नाही. तो शांतपणे, कधी कधी आनंदात, बेशुद्ध होतो. रीब्रीदरचा सारा धोका या एका वाक्यात सामावलेला आहे.

त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांना होणाऱ्या दाबाच्या विकाराचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवला. शेळ्यांवरील प्रयोगांतून त्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे कोष्टक तयार केले आणि ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर नौदलाच्या 'स्पँकर' या नौकेवरून चाचण्या चालू असताना तेरा वर्षांच्या जॅकलाही पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडण्यात आले. पोशाख मोठ्या माणसाचा होता. मनगटातून पाणी शिरत राहिले आणि मुलगा गारठून वर आला. त्याची पाण्याची भीती तेव्हाच मोडली असावी.

पुढचे शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्ड येथे झाले. गणित आणि ग्रीक-लॅटिन हे त्याचे विषय. विज्ञानाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. पहिल्या महायुद्धात 'ब्लॅक वॉच' पलटणीत तो बाँबफेकीचा अधिकारी होता. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर वडिलांबरोबर त्याने स्वतः त्या वायूत बसून मुखवट्यांची परीक्षा घेतली. पुढे मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्याला उपचारांसाठी भारतात आणण्यात आले आणि या देशाची ओढ तेव्हाच लागली.

युद्धानंतरचे हाल्डेन हे मोठ्या कीर्तीचे हाल्डेन होत. केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्र, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आनुवंशशास्त्र आणि जीवसांख्यिकी. डार्विनची निवड आणि मेंडेलचे नियम यांची गणिताने सांगड घालणाऱ्या तिघांत फिशर आणि राइट यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. राजकारणात ते कम्युनिस्ट होते. लायसेंकोने रशियात आनुवंशशास्त्राची जी दुर्दशा केली, तिच्याविषयी त्यांनी वेळेवर आणि स्पष्ट बोलायला हवे होते, असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटते. स्वतःच्या शरीराबाबत निर्दय असलेला हा माणूस आपल्या पक्षाबाबत तितका कठोर होऊ शकला नाही.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात 'थेटिस' ही ब्रिटिशांची नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. आत १०३ माणसे होती, नेहमीच्या दुपटीच्या आसपास. कारण गोदीतील कामगार आणि तंत्रज्ञही बरोबर होते. सुटकेसाठी प्रत्येकाला 'डेव्हिस' उपकरण उपलब्ध होते. छातीवरची रबरी पिशवी, प्राणवायूची छोटी नळी आणि सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन, असे ते एक साधे रीब्रीदरच होते. तरी चौघेच वर येऊ शकले. ९९ जण मेले.

मृत कामगारांच्या संघटनांनी हाल्डेन यांना चौकशीसाठी तज्ज्ञ म्हणून नेमले. ते लंडनमधील 'सीबे गॉर्मन' या पाणबुड्यांच्या साहित्याच्या कारखान्यात गेले. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेल्या चार सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी स्वतःला पोलादी कोठीत बंद करून घेतले. एका प्रयोगात हाल्डेन साडेचौदा तास आपल्याच उच्छ्वासात बसून राहिले आणि तीव्र डोकेदुखीने बेजार होऊन बाहेर पडले. आत कोंडलेल्या माणसांचे भान आणि हातपाय कोणत्या वेळी निकामी होत गेले असतील, याचा अंदाज त्यातून आला. सुटकेचे उपकरण गळ्यात असणे आणि ते वापरण्याच्या स्थितीत असणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नौदलाने त्यांनाच पुढचे काम दिले. त्याच कारखान्यातील, माणसाला नीट उभेही राहता येणार नाही अशा कोठीत पुढील काही वर्षे प्रयोग चालले. सहकारी कोण होते? पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या हेलन स्परवे, मार्टिन केस, हान्स काल्मुस हे शास्त्रज्ञ आणि स्पेनचे पदच्युत पंतप्रधान, पेशाने शरीरशास्त्रज्ञ असलेले हुआन नेग्रीन. दहा वातावरणांच्या दाबाखाली साधी हवा घेतली तरी नायट्रोजनची नशा चढते. त्या नशेत गुणाकार करणे, चिमट्याने पोलादी गोळ्या एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात टाकणे, अशा परीक्षा त्यांनी घेतल्या. गंमत अशी की नोंदी ठेवणाराही त्याच हवेत असे. बर्फ वितळत असलेल्या पाण्यात बसून, कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दाबाखाली घेऊनही त्यांनी पाहिले.

सर्वांत भयंकर निघाला तो शुद्ध प्राणवायू. दाबाखाली तो विष होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी एकोणिसाव्या शतकातच प्राण्यांवर दाखवले होते. माणसाला तो किती खोलीवर, किती वेळात झटका आणतो, हे मात्र नीट माहीत नव्हते. हाल्डेन यांनी ते स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर पाहिले. ओठ थरथरू लागतात, दृष्टी अरुंद होते आणि फेफऱ्यासारखा झटका येतो. पुष्कळदा आधीची लक्षणे काहीच नसतात. अशाच एका झटक्यात हाल्डेन यांच्या पाठीचे मणके चेपले गेले. ते दुखणे पुढे कायमचे राहिले. दुसऱ्या एका प्रयोगात हेलियमचा बुडबुडा मज्जारज्जूत अडकून त्यांच्या बैठकीच्या भागाची संवेदना गेली. कानाचे पडदेही फाटले होते. कानातून सिगारेटचा धूर काढून दाखवता येतो, असा या नुकसानीचा हिशेब ते मांडत.

१९४२ पासून नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी हे काम शेकडो चाचण्यांनी पुढे नेले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष प्रत्येक पाणबुड्याने पाठ करावा असा आहे. प्राणवायू सोसण्याची शक्ती माणसागणिक बदलते, इतकेच नव्हे तर एकाच माणसात ती दिवसागणिक बदलते. कोरड्या कोठीत जो तासभर टिकला, तो पाण्यात काम करताना काही मिनिटांत कोसळू शकतो. या सोसण्याला सवय नाही, सराव नाही. अनुभवी माणसाच्या बाजूने ही मर्यादा एका फुटानेही सरकत नाही.

येथे रीब्रीदर कसे चालते ते पाहिले पाहिजे. साधा पाणबुड्या नळकांड्यातील हवा घेतो आणि उच्छ्वास पाण्यात सोडतो. त्यातील बराचसा प्राणवायू फुकट जातो. रीब्रीदर तो वाया घालवत नाही. उच्छ्वास एका डब्यातून जातो. डब्यात चुन्यासारखे दाणेदार रसायन असते. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातल्यावर ती दुधाळ होते, तेच तत्त्व येथे आहे. शुद्ध झालेल्या वायूत शरीराने वापरला तेवढाच प्राणवायू पुन्हा मिसळला जातो. त्यामुळे लहानशा नळकांड्यावर काही तास पाण्याखाली राहता येते. लांबलचक गुहेसाठी याहून सोयीचे साधन नाही. १८८० मध्ये ब्रिटनमधील सेव्हर्न रेल्वे बोगद्यात पाणी भरलेले होते, तेव्हा हेन्री फ्लूस यांनी बनवलेले असेच उपकरण लावून अलेक्झांडर लँबर्ट नावाचा पाणबुड्या काळोखातून शेकडो फूट आत गेला आणि त्याने आतला दरवाजा बंद केला. शुद्ध प्राणवायूचे विष त्याला ठाऊक नव्हते. तो परत आला हे त्याचे नशीब.

विहिरीतून वा समुद्रातून अडचण आली तर वर येता येते. गुहेत डोक्यावर दगड असतो. वर येण्याची वाट म्हणजे आल्या वाटेने मागे जाणे. इंग्लंडमध्ये वूकी होल येथे १९३५ मध्ये ग्रॅहॅम बाल्कम आणि सहकारी 'सीबे गॉर्मन'च्याच उसन्या पोशाखात गुहेत शिरले. युद्ध संपल्यावर, नौदलाच्या कामाचे प्राणवायूचे रीब्रीदर मिळू लागले तेव्हा, त्यांनी १९४६ मध्ये गुहेतील पाणबुड्यांची संघटना उभारली. १९४९ मध्ये त्याच गुहेत त्यांचा एक साथीदार मेला. तो युद्धात मुरलेला नौदलाचा पाणबुड्या होता. त्याचा अनुभव खरा होता, पण गुहेचा नव्हता.

म्हणूनच या विद्येचे प्रशिक्षण आज उतरंडीसारखे रचलेले असते. आधी साध्या नळकांड्यांवर गुहा शिकायची. बाहेरचा उजेड दिसतो तेवढ्याच भागात उतरणे, मग थोडे आत, मग पूर्ण गुहा. दिवे विझवून, डोळे झाकून, केवळ हाताला लागणाऱ्या दोरीच्या आधाराने बाहेर येण्याचा सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो. शेक एक्सले या अमेरिकन पाणबुड्याने १९७९ मध्ये अपघातांची छाननी करून दाखवले की माणसे मुख्यतः तीन चुकांनी मेली : बाहेरपर्यंत अखंड दोरी नाही, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखलेली नाही आणि झेपणार नाही इतकी खोली. रीब्रीदर हे दुसरे, वेगळे शिक्षण. ते उघड्या पाण्यात घ्यायचे आणि त्याच यंत्रावर कित्येक तास भरायचे. किती तास, हे संस्थेगणिक बदलते. दोन्ही अंगवळणी पडल्यावरच दोन्ही एकत्र आणायचे. उघड्या पाण्यात हजार वेळा बुडालेला माणूस गुहेच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतो, हे अनेकांना अपमानास्पद वाटते. प्रस्तुत प्रतिनिधीला ते या साऱ्या पद्धतीतले सर्वांत शहाणपणाचे वाटले.

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे हाल्डेन पिता-पुत्रांचे धडे. प्राणवायू घटला तर शरीर सांगणार नाही, म्हणून सांगण्याचे काम यंत्रातील संवेदकांचे. ते सहसा तीन असतात, कारण एकटा खोटे बोलू शकतो. प्राणवायू वाढला तर झटका सूचना न देता येतो, म्हणून त्याच्या दाबाची मर्यादा साधारण १.३ ते १.४ वातावरण ठेवतात आणि १.६ च्या पुढे जात नाहीत. शुद्ध प्राणवायू सहा मीटरच्या खाली घ्यायचा नाही, हा नियमही त्याच हिशेबाचा. रसायन संपले वा डबा नीट भरला नसला तर कार्बन डायऑक्साइड वाढतो. तेवढाच धोका शरीराला कळतो. पण तोवर विचारशक्ती गेलेली असते आणि धाप इतकी लागते की तोंडातील नळी बदलणेही जमत नाही. म्हणून शंका आली की आधी राखीव नळकांड्यावर जायचे, कारण नंतर शोधायचे. हे राखीव नळकांडे गुहेच्या सर्वांत दूरच्या टोकापासून बाहेरपर्यंत पुरले पाहिजे. उतरण्याआधी लेखी यादी पुढे ठेवून प्रत्येक झडप तपासायची आणि काही मिनिटे कोरड्यावर बसून यंत्रातून श्वास घ्यायचा. पाठांतरावर भिस्त ठेवणारा शिष्य येथे नापास होतो.

२०१८ मध्ये थायलंडमधील थाम लुआंग गुहेत मुले अडकली तेव्हा जगाने हे पाहिले. पाण्याचा उपसा करण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर कंपनीच्या तज्ज्ञांचे साहाय्य होते. पण मुलांपर्यंत पोचले ते ब्रिटनमधील हौशी गुहा-पाणबुडे. आणि आत नळकांडी ठेवून परतताना मृत्यू आला तो थायलंडच्या नौदलातील एका माजी, कणखर जवानाला.

हाल्डेन १९५७ मध्ये ब्रिटन सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझवरील ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे त्यांनी दिलेले कारण होते. बोलावणे प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे होते. त्यांनी धोतर-कुडता स्वीकारला, मांसाहार सोडला आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतले. मतभेद होऊन १९६१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली. १९६२ मध्ये बिजू पटनाईक यांच्या ओरिसा सरकारच्या पाठिंब्याने ते भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारण्यास गेले. तरुण भारतीय संशोधकांना ते महागड्या यंत्रांची वाट न पाहता शेतातली झाडे, फुले, कीटक मोजायला लावत. ज्याने पोलादी कोठीत वर्षे काढली, त्याचे हे उघड्यावरचे विज्ञान होते.

पाठीचे दुखणे येथेही सोबत होतेच. १९६३ च्या अखेरीस मलाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा रुग्णशय्येवरून त्यांनी कर्करोगावर विनोदी कविता लिहिली; लक्षणे अंगावर काढू नका, डॉक्टरकडे लवकर जा, हा तिचा सूर होता. बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेखही त्यांनी कॅमेऱ्यापुढे आधीच बोलून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. देहाचे काय करायचे, हेही त्यांनी ठरवून ठेवले होते. त्यानुसार तो आंध्रातील काकिनाडा येथे, रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पाठवण्यात आला.